एक लॅपटॉप, ऑफिसचं काम आणि व्हॅलोरंट: डिस्ट्रो कशी ठरली

काम आणि गेमिंग दोन्हीसाठी लिनक्सची कुठली डिस्ट्रो, म्हणजे कुठली तयार आवृत्ती घ्यावी, असा प्रश्न होता. आधी माणूस आणि मशीन सांगतो. माणूस म्हणजे माझा मावसभाऊ, पुण्यात एका छोट्या कंपनीत बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरवरचा कोड लिहायला आहे, जावा आणि स्प्रिंग बूट, अधूनमधून नोडची एखादी सर्व्हिस, बरंचसं काम घरून आणि लॅपटॉप स्वतःचा. मशीन म्हणजे सेलमध्ये घेतलेला गेमिंग लॅपटॉप: एएमडीचा रायझन ५ ५६००एच प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड चार जीबीवालं, १६ जीबी रॅम, १४४ हर्ट्झची स्क्रीन, ५१२ जीबीची एसएसडी आणि दुसऱ्या एसएसडीसाठी एक रिकामा स्लॉट. टेबलावर एचडीएमआयने जोडलेला साधा ७५ हर्ट्झचा मॉनिटर. विंडोज ११ होतं, त्यावर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, त्यात डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन.

वैतागायचं कारण सरळ होतं, रॅम. डब्ल्यूएसएल २ डिफॉल्टने मशीनच्या अर्ध्या रॅमपर्यंत घेऊ शकतं आणि एकदा घेतली की पटकन सोडत नाही, वर इंटेलिजे (कोड लिहायचं ॲप), क्रोमचे टॅब, कंटेनरमध्ये पोस्टग्रेस, काफ्का आणि इलॅस्टिकसर्च हे डेटा सांभाळणारे सर्व्हर, मग १६ जीबी कुठे पुरणार. त्यात भाऊसाहेबांनी प्रोजेक्ट सी ड्राइव्हवरच ठेवलेला आणि बिल्ड डब्ल्यूएसएलमधून, म्हणजे प्रत्येक फाइल दोन फाइलसिस्टिमच्या मधून जाणार, ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) रडणारच. प्रोजेक्ट डब्ल्यूएसएलच्या आत हलवला असता तरी बराच फरक पडला असता हे मी त्याला सांगितलं, पण त्याच्या डोक्यात लिनक्स बसलं होतं. "दादा, तू फक्त नाव सांग, डेव्हलपमेंट पण झाली पाहिजे आणि गेमिंग पण."

नाव मी सांगितलं नाही. दोन याद्या लिहायला लावल्या, एक कामाला काय लागतं त्याची आणि एक खरंच खेळतो त्या गेमची, स्टीमवर सेलमध्ये घेऊन पडलेत ते नाही.

कामाची यादी लांब होती पण गंमत अशी की तिच्यातलं जवळपास काहीच डिस्ट्रोवर अवलंबून नव्हतं. जेडीके (जावाचा संच) १७ आणि २१ दोन्ही हवेत, ते एसडीकेमॅन नावाच्या साधनाने होम फोल्डरमध्ये येतात. नोडच्या वेगवेगळ्या व्हर्जनला एनव्हीएम आहे. डेटाबेस आणि बाकी सगळं कंटेनरमध्ये. इंटेलिजे त्याच्या कंपनीच्या टूलबॉक्स ॲपने. सर्व्हरवर उबुंटू २२.०४ आहे म्हणून लॅपटॉपवरही तेच हवं असं त्याला वाटत होतं, पण डिस्ट्रोबॉक्सने उबुंटू २२.०४ चा कंटेनर कुठल्याही डिस्ट्रोवर दोन मिनिटांत उभा राहतो आणि होम फोल्डर तोच दिसतो. मीटिंगसाठी टीम्स, तर त्याचं लिनक्सवरचं वेगळं ॲप मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या डिसेंबरात बंद केलं, तेव्हापासून सगळीकडे ब्राउझरच. स्क्रीन शेअर वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवायची लिनक्सची नवी पद्धत, जुनी ती एक्स११) पाइपवायर नावाच्या सेवेतून होतं, तेही सगळ्या मोठ्या डिस्ट्रोंमध्ये असतंच.

गेमची यादी छोटी पण सगळा घोळ तिच्यात. काउंटर स्ट्राइक २ लिनक्सवर नेटिव्ह चालतो, प्रश्न नाही. एल्डन रिंग प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) चालतो, ऑनलाइनसकट, कारण त्यातलं फसवणूक पकडणारं ईझी अँटी-चीट प्रोटॉनला सपोर्ट करतं, फक्त डेव्हलपरने ते चालू करावं लागतं. सायबरपंक चालतो. जीटीए ५ ची स्टोरी चालते पण ऑनलाइन नाही, २०२४ च्या सप्टेंबरात त्यात बॅटलआय हे अँटी-चीट आलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. एपेक्स त्याने सोडलाच होता, तोही ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सला बंद झाला. आणि मग व्हॅलोरंट, जो शनिवारी रात्री कॉलेजच्या मित्रांबरोबर खेळल्याशिवाय ह्याचा आठवडा संपत नाही. त्याचं अँटी-चीट व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसतं, प्रोटॉनमध्ये ते चालणारच नाही, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायच्या भानगडीत पडू नये.

म्हणजे विंडोज राहणार हे डिस्ट्रोचा विषय निघायच्या आधीच ठरलं. रिकाम्या स्लॉटमध्ये एक टीबीची एसएसडी टाकायची, त्यावर लिनक्स, जुन्या ५१२ वर विंडोज नुसतं व्हॅलोरंटपुरतं. एकाच डिस्कवर पार्टिशन पाडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, दोघांची ईएफआय पार्टिशन (जिथून मशीन चालू होतं ती) वेगळी, कोणी कोणाच्या बूटलोडरला हात लावत नाही.

पण इथेच एक अट लागली आणि खरी निवड तिनेच केली. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मान्य सही असलेलीच सिस्टिम चालू होऊ देणारी सोय) दोन्ही चालू लागतात. लिनक्स टाकायच्या निम्म्या व्हिडिओंमध्ये पहिली पायरी असते "बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा". ते ह्याला चालणार नाही, दर शनिवारी बायोसमध्ये कोण जाणार. आणि सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालवायचा तर त्याच्या कर्नल मॉड्यूलवर (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या भागावर) मशीनला मान्य असलेल्या किल्लीची सही पाहिजे. एएमडीचं कार्ड असतं तर हा विषयच नव्हता, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि डिस्ट्रोने सही करून दिलेला असतो. नवीन मशीन घेणाऱ्याला म्हणून मी आधी कार्डाचं विचारतो, डिस्ट्रोचं नंतर.

आता एकेक नाव.

पॉप ओएस पहिल्या फेरीत गेलं. एनव्हिडियाला सोयीचं म्हणून सगळे तेच सुचवतात, पण ते बनवणारे सिस्टिम७६ वाले स्वतःच इन्स्टॉल करताना सिक्युअर बूट बंद करायला सांगतात. (२०२१ मध्ये यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन स्टीम टाकायला गेला आणि त्याने अख्खा डेस्कटॉप उडवला तो किस्सा लोक अजून पॉपच्या नावावर खपवतात, ती पॅकेजची चूक तेव्हाच दुरुस्त झाली, इथे कारण ते नाही.)

मिंट मला मनापासून आवडतं, घरच्यांच्या मशीनवर मी तेच टाकतो. पण त्याचा डेस्कटॉप सिनॅमन अजून मुख्यतः एक्स११ वर आहे, वेलँड जानेवारी २०२४ च्या २१.३ पासून आलंय ते प्रायोगिक म्हणूनच. आणि एक्स११ ला १४४ आणि ७५ हर्ट्झचे दोन स्क्रीन शेजारी शेजारी नीट सांभाळता येत नाहीत, कधी खिडकी सरकवताना अडखळतं तर कधी गेममध्ये चित्र फाटतं. एकच मॉनिटर असता तर मी मिंट सांगून मोकळा झालो असतो.

आर्च आणि त्यावरच बेतलेलं कॅशीओएस. स्टीमओएस ३ आर्चवर आहे म्हणून गेमिंगला आर्चच, असं एक गणित लोक मांडतात, पण स्टीम डेक या हातातल्या गेमिंग मशीनवर स्टीमची कंपनी व्हॉल्व्ह ती इमेज (अख्ख्या सिस्टिमची तयार प्रत) तपासून, गोठवून देतं, तुम्ही पॅकमनने (आर्चचं पॅकेज साधन) रोज ओढता ते तसं नसतं. सिक्युअर बूट इथेही जमतं, एसबीसीटीएलने स्वतःच्या किल्ल्या बनवायच्या आणि सह्या करायच्या, अवघड नाही पण सांभाळायला तुम्हीच. त्यात जुलै २०२५ मध्ये एयूआरमध्ये (आर्च वापरणाऱ्यांनीच भरलेल्या पॅकेजच्या साठ्यात) फायरफॉक्स आणि लिब्रवुल्फच्या नावाशी खेळणारी मालवेअरवाली पॅकेजेस सापडली होती, आणि ज्या मशीनवर ऑफिसच्या सर्व्हरवर शिरायच्या एसएसएच किल्ल्या आहेत तिथे पॅकेजची कृती असलेली पीकेजीबिल्ड फाइल न वाचता वाय दाबणारा माणूस नको. भाऊ वाचणारा नाही, मी ओळखतो त्याला. डिसेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाचा ५९० ड्रायव्हर आला तेव्हा पास्कल या जुन्या कार्डपिढीचा सपोर्ट गेला, जीटीएक्स १०६० वाल्या आर्चच्या लोकांना आधी बातमी वाचून जुन्या ड्रायव्हरचं पॅकेज एयूआरमधून घ्यावं लागलं. ह्याचं कार्ड नवीन, ह्याला झळ नसती बसली, पण अपडेटच्या आधी बातम्या वाचायची सवय लागते ती ही अशी.

उबुंटू २४.०४ चा मी जास्त वेळ विचार केला. सिक्युअर बूटचं काम सगळ्यात सोपं इथेच, एनव्हिडियाचे सही केलेले मॉड्यूल उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल स्वतः देतं. पाच वर्षं सपोर्ट, आणि जुना कर्नल म्हणून लोक नाक मुरडतात ते पूर्ण खरं नाही, सुरुवातीला ६.८ होता पण २४.०४.३ सोबत ६.१४ आला. स्नॅपचा, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज प्रकाराचा त्रास म्हणाल तर एकच लक्षात ठेवायचं, स्टीम स्नॅपचं घ्यायचं नाही, जानेवारी २०२४ मध्ये व्हॉल्व्हच्याच डेव्हलपरने ते घेऊ नका, डेब पॅकेज घ्या म्हणून सांगितलं होतं. ज्याच्या कंपनीत इनट्यून (कंपनीच्या मशीनवर लक्ष ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) आहे त्याने तर पुढे वाचूच नये, लिनक्समध्ये इनट्यून उबुंटू एलटीएस आणि रेड हॅट एंटरप्राइझलाच चालतं, विषय संपला. ह्याच्या कंपनीत तसं काही नव्हतं.

मग उबुंटू का नाही? कारण गेमिंगला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे कर्नल, एनव्हिडियाचा कर्नलमधला ड्रायव्हर आणि डेस्कटॉपचा कंपोझिटर (खिडक्या पडद्यावर मांडणारा भाग), ह्या तिन्ही होस्टवरच, म्हणजे मूळ सिस्टिमवरच असतात, कंटेनरमध्ये ढकलता येत नाहीत. वेलँडवर एनव्हिडियाचं चित्र जे फडफडायचं ते थांबलं २०२४ च्या मध्यावर, ड्रायव्हर ५५५ मध्ये एक्सप्लिसिट सिंक (चित्र कधी तयार झालं ते स्पष्ट कळवायची सोय) आलं आणि केडीईने त्यांच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.१ मध्ये त्याला साथ दिली. उबुंटू २४.०४ च्या रिपॉझिटरीत (पॅकेजच्या साठ्यात) केडीईचा प्लाझ्मा ५.२७ आहे. कर्नल मागून येतो, ड्रायव्हरही येतो, डेस्कटॉप मात्र जिथल्या तिथे. म्हणून माझं मत असं झालंय की कामाचं सगळं आता होम फोल्डरमध्ये आणि कंटेनरमध्ये गेल्यामुळे कामासाठी डिस्ट्रो निवडायची गरज उरलेली नाही, निवडायची ती गेमसाठी, आणि कामाने फक्त एवढं विचारायचं की सोमवारी साडेनऊच्या स्टँडअप मीटिंगला मशीन चालू होईल ना.

राहिले दोन, फेडोरा केडीई आणि बॅझाइट. इथे आमचं जमलं नाही. मी म्हणत होतो बॅझाइट. ते फेडोराच्या अटॉमिक बाजूवर उभं आहे, अख्खी सिस्टिम एक इमेज म्हणून येते, एनव्हिडियाचा ड्रायव्हर इमेजमध्येच बसवलेला, बिघडलं तर बूट मेनूतून मागची इमेज निवडायची आणि कामाला लागायचं. कंटेनरमध्ये काम करणाऱ्याला ह्यापेक्षा काय हवं. त्याचं म्हणणं, ऑफिसचा व्हीपीएन क्लायंट नुसतं आरपीएम पॅकेज आहे, ते इमेजवर लेअर करायचं (वरून जोडायचं), डॉकर लेअर करायचं, उद्या अजून काहीतरी, आणि प्रत्येक वेळी रीबूट, मग साधं फेडोरा काय वाईट. शिवाय त्याने कुठेतरी वाचलं होतं की जून २०२५ मध्ये फेडोरातून ३२ बिट पॅकेजेस काढायचा प्रस्ताव आला होता आणि तसं झालं तर बॅझाइट बंद करावं लागेल असं ते सुरू करणाऱ्यानेच म्हटलं होतं, कारण स्टीमला ३२ बिट लायब्ररी लागतात. प्रस्ताव थोड्याच दिवसांत मागे घेतला गेला पण ह्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. लॅपटॉप त्याचा, निर्णय त्याचा. फेडोरा ४२, केडीई. तसंही एप्रिल २०२५ च्या ह्याच व्हर्जनपासून फेडोराने केडीईला वर्कस्टेशनच्या (नोम डेस्कटॉपवाल्या मुख्य आवृत्तीच्या) बरोबरीचा मान दिलाय, आधी ते स्पिन म्हणून कोपऱ्यात असायचं.

टाकायच्या आधी विंडोजमध्ये दोन कामं केली आणि ही कोणी टाळू नयेत. बिटलॉकरची रिकव्हरी की उतरवून घेतली, कारण विंडोज ११ बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट करून ठेवतं आणि बूटमध्ये काही बदललं की ती की मागतं. आणि फास्ट स्टार्टअप बंद केलं, नाहीतर विंडोज खरं बंद होतच नाही आणि ती ड्राइव्ह लिनक्समध्ये लिहिण्यासाठी उघडत नाही.

फेडोरा टाकणं म्हणजे चहा पिऊन होईपर्यंतचं काम. ड्रायव्हरचं मात्र नीट सांगतो, कारण नवखे लोक इथेच अडकतात. आरपीएम फ्यूजन हा फेडोराबाहेरचा पॅकेजसाठा चालू करून एकेमॉड एनव्हिडियाचं पॅकेज टाकायचं. हे पॅकेज तयार ड्रायव्हर आणत नाही, तुमच्या कर्नलसाठी मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बांधतं आणि स्थानिक किल्लीने सही करतं. ती किल्ली मोकयुटिल या कमांडने मशीनमध्ये नोंदवायची, तेव्हा ते एक पासवर्ड ठरवायला सांगतं, तो एकदाच लागतो म्हणून सोपा ठेवा, पण चिन्हं टाकू नका कारण पुढच्या पडद्याला तुमचा कीबोर्ड लेआउट माहीत नसतो. रीबूट केलं की निळा पडदा येतो, कुठलीही की दाबा म्हणून, आणि दहा सेकंद उलटे मोजतो. त्या दहा सेकंदांत दाबलं नाही तर तो गुपचूप पुढे जातो, किल्ली नोंदवली जात नाही, आणि माणूस सिक्युअर बूटला शिव्या घालत बायोस उघडतो. दाबलं की एनरोल मोक, कंटिन्यू, येस, पासवर्ड (टाइप करताना काहीच दिसत नाही, चालू द्या), रीबूट. झालं. नोमवाल्या फेडोरात हे ४१ पासून सॉफ्टवेअर सेंटरमधूनच होतं, केडीईत आम्ही टर्मिनलमधून केलं.

स्टीम आरपीएम फ्यूजनचंच घेतलं. फ्लॅटपॅकचं (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं बंदिस्त पॅकेज) वाईट नाही, पण त्याला होस्टच्या ड्रायव्हरशी जुळणारा एनव्हिडियाचा रनटाइम वेगळा लागतो, ड्रायव्हर अपडेट झाला आणि फ्लॅटपॅक राहिलं की गेम उघडत नाही. गेम विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवरून चालवायचा मोह सगळ्यांना होतो, जागा वाचते म्हणून, तो आवरावा. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह बनवतो, त्यात सिमलिंक आणि कोलनवाली नावं असतात, एनटीएफएसवर त्याचे हाल होतात. गेम परत डाउनलोड करा सरळ.

कामाच्या बाजूला एक गंमत झाली. फेडोरा ४२ च्या रिपॉझिटरीत जावा १७ नाहीच, जुने जेडीके त्यांनी काढून टाकले. ऑफिसचं अर्धं काम १७ वर. आणि कोणाला काही फरक पडला नाही, एसडीकेमॅन होतंच. पॉडमन (डॉकरसारखाच) फेडोराच्या रिपॉझिटरीतच मिळतो, त्याने सुरुवात केली, मग बाइंड माउंटवर (कंटेनरला दिलेल्या फोल्डरवर) परमिशन डिनाइड आलं, ते एसई लिनक्स या सुरक्षेच्या पहाऱ्याचं, व्हॉल्यूमच्या पुढे कोलन आणि झेड लावलं की जातं, पण टीममधल्या बाकीच्यांच्या कंपोज फाइलमध्ये तो झेड नाही आणि टेस्टकंटेनर्स या टेस्टच्या लायब्ररीलाही डॉकरचं सॉकेट हवं असतं. शेवटी डॉकरच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून डॉकर टाकला आणि विषय मिटवला. पॉडमन चांगला आहे, पण सगळी टीम डॉकरवर असताना एकट्याने लढाई कशाला.

आणि इलॅस्टिकसर्च. ज्यांनी लिनक्सवर त्याचा कंटेनर चालवलाय त्यांना ती ओळ पाठ असते, व्हीएम मॅक्स मॅप काउंट (एका प्रोग्रॅमला मेमरीचे किती तुकडे मिळू शकतात ती मर्यादा) ६५५३० आहे, किमान २६२१४४ हवं. ह्याच्याकडे पहिल्याच फटक्यात चालू झालं, काही न करता. कारण बघितलं तर फेडोराने ३९ मध्ये ही मर्यादा १०४८५७६ केलीय, आणि केलीय ती गेमसाठी, विंडोजचे काही गेम प्रोटॉनमध्ये ६५५३० ला धडकून पडायचे म्हणून. गेमवाल्यांच्या भांडणाचा फायदा बॅकएंडवाल्याला. (उबुंटूनेही २४.०४ मध्ये ती वाढवली आणि आर्चनेही, हे फेडोराचं एकट्याचं कौतुक नव्हे.)

मराठीत लिहायला केडीईच्या सेटिंगमध्ये व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये जाऊन आयबस वेलँड निवडायचं, मग एम१७एनमधलं इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक, जे हाताला असेल ते. नाव व्हर्च्युअल कीबोर्ड का आहे ते विचारू नका.

आता कुरकुरी. पहिली, बॅटरी दोन तासांत संपायला लागली आणि पंखा सतत. कारण असं की अशा बऱ्याच लॅपटॉपवर एचडीएमआयचं पोर्ट थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं असतं, त्यात मॉनिटर लावला की ते कार्ड झोपतच नाही, नुसता ब्राउझर उघडा असला तरी. ह्याच्या लॅपटॉपचं यूएसबी सी पोर्ट एएमडीच्या आतल्या ग्राफिक्सला जातं, म्हणून सी ते डिस्प्लेपोर्टची केबल आणली, मॉनिटर त्यावर घेतला, पंखा शांत. गेम तरीही मोठ्या कार्डावरच चालतात, प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके आपोआप तेच निवडतं, मँगोहड (गेमवर कार्डाची माहिती दाखवणारं साधन) लावून खात्री करून घ्यायची. तुमच्या लॅपटॉपचं पोर्ट कुठे जातं ते मात्र तुम्हालाच बघावं लागेल, बॉक्सवर लिहिलेलं नसतं.

दुसरी, मॉनिटर अजून एचडीएमआयवरच होता तेव्हाची, कर्नलचं अपडेट आलं, ह्याने अपडेट होताच लगेच रीबूट मारलं, मॉड्यूल बांधून व्हायच्या आत, आणि बाहेरचा मॉनिटर काळा. घाबरायचं कारण नसतं, फेडोरा जुने कर्नल ठेवून असतं, एकूण तीन, ग्रब या बूट मेनूतून आधीचा निवडला की सगळं जागेवर. पण हे रविवारी रात्री अकरा वाजता झालं. आता नियम असा की अपडेट शुक्रवारी संध्याकाळी, डीएनएफ (फेडोराचं अपडेट साधन) संपल्यावर पाच मिनिटं थांबायचं, मॉडइन्फो कमांडने एनव्हिडियाचं व्हर्जन दिसलं की मगच रीबूट. बॅझाइटवर हे झालं नसतं असं मी एकदाच म्हटलं, जास्त नाही.

तिसरी, चार जीबी व्हीआरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. विंडोजवर व्हीआरॅम भरला की ड्रायव्हर मुख्य रॅममध्ये सांडतो आणि गाडी ढकलत नेतो, लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर ते तेवढं चांगलं करत नाही, आणि डायरेक्टएक्स १२ चे गेम तसेही एनव्हिडियावर विंडोजपेक्षा थोडे मागेच पडतात. सायबरपंकचे टेक्स्चर एक पायरी खाली आणावे लागले. काउंटर स्ट्राइक आणि एल्डन रिंगमध्ये त्याला फरक जाणवत नाही म्हणतो. गेम पहिल्यांदा उघडताना व्हल्कन शेडर प्रोसेस करत बसतो ते मात्र त्याला अजून सहन होत नाही, स्किप दाबतो आणि मग पहिल्या मॅचमध्ये अडखळतं म्हणून मला मेसेज करतो.

रॅमचं, ज्यासाठी हे सगळं सुरू झालं, ते मिटलं. तेच कंटेनर, तोच इंटेलिजे, स्वॅप जवळपास हलत नाही. विंडोज शनिवारी रात्री उघडतं, आधी अर्धा तास अपडेट घेतं, मग व्हॅलोरंट. घड्याळ साडेपाच तास चुकीचं दाखवायचं, विंडोज हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळ समजतं आणि लिनक्स यूटीसी, टाइमडेटसीटीएलने लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं.

फेडोराचं प्रत्येक व्हर्जन साधारण तेरा महिने चालतं, म्हणजे वर्षातून एकदा तरी उडी मारायची. ४३ ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं, ह्याने महिनाभर थांबून, आरपीएम फ्यूजनवाले स्थिरावले की मग घेतलं, शुक्रवारी संध्याकाळी. आता ऑफिसमधला एकजण तोच प्रश्न घेऊन आलाय म्हणे, त्याच्याकडे डेस्कटॉप आहे, एएमडीचं आरएक्स ६६०० कार्ड, एकच मॉनिटर, व्हॅलोरंट खेळत नाही. त्याला मी मिंट टाक म्हणून सांगितलंय.